मुक्काम पोस्ट एबेरॉन

आमच्या मास्तरला आयतं चालत नाही आणि कोऱ्या कागदाशी त्याचं पटत नाही. या दोहोंच्या मधे जी चिंचोळी जागा उरते, तिथं तो वर्षानुवर्षं बिऱ्हाड थाटून आहे. त्याला एकदा हॉटेलात नेऊन पाहा. मेन्यूकार्ड शेवटच्या पानावरच्या फोन नंबरापर्यंत वाचेल आणि मग वेटरला म्हणेल, "मिसळ द्या. फक्त फरसाणाऐवजी पोहे घाला, कट वेगळ्या वाटीत, आणि पावाच्या जागी भाकरी मिळेल का?" वेटर बिचारा पेन्सिल धरून विचारतो, "मग साहेब, लिहू काय?"

"मिसळच लिहा. गाभा तोच आहे."

पोटापाण्यासाठीही तो हेच करतो. एका बँकेचा डेटा जुन्या सिस्टीममधून उचलून नव्या सिस्टीममध्ये नेऊन ठेवणाऱ्या टीममध्ये तो हिंजवडीला बसतो. हे काम त्याच्या हयातीत संपणार नाही, असं तो सांगतो आणि सांगताना त्याच्या चेहऱ्यावर समाधान असतं.

शनिवारी संध्याकाळी मात्र तो आमचा मास्तर. खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं गाव आहे, तिथल्या गॅरी गायगॅक्सनं डेव्ह आर्नसनच्या जोडीनं १९७४ मध्ये हा खेळ छापला, पहिल्या खेपेला हजार प्रती. टेबलाभोवती पाच-सहा माणसं बसतात. एक जण जग चालवतो: पाऊस, सराईचा मालक, राक्षस, राजा, सगळं तोच. त्याला डंजन मास्टर म्हणतात, आमच्याकडे त्याचा मास्तर झाला. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, मी तलवार काढतो, मी दार उघडते, असं म्हणायचं आणि वीस बाजूंचा फासा टाकून जमलं की नाही ते बघायचं. यात कुणी जिंकत नाही. वाचून हे खुळ्यासारखं वाटत असेल, तर पत्ते कुटणाऱ्यांनी हसू नये.

आता दर शनिवारी नवी गोष्ट कुठून आणायची? म्हणून छापील मोहिमा मिळतात, कॅम्पेन म्हणतात त्यांना. जाडजूड पुस्तक. गावं, नकाशे, खलनायक, कुठल्या दारामागं कोण लपलंय, सगळं लिहिलेलं. प्रत्येक मोहिमेला तिचं स्वतःचं जग असतं, तिचे देव, तिचे राजे, तिचा भूगोल. सरळ माणूस काय करील? पुस्तक उघडील आणि पान एकपासून चालू करील. मास्तरच्या मते हे म्हणजे हमाली. मोहीम एका जगातली घ्यायची आणि खेळायची दुसऱ्याच जगात, यातच खरी कला. आणि कुठली मोहीम कुठल्या जगात न्यायची याची निवड हा त्याचा खरा खेळ. आम्ही जो शनिवारी खेळतो, किंवा खेळू अशी आशा धरून बसतो, तो त्याच्या दृष्टीनं परिशिष्ट आहे.

या निवडीसाठी त्याची एक्सेल शीट आहे. डाव्या बाजूला मोहिमा, वरच्या ओळीत जगं, आणि प्रत्येक चौकोनात गुण. छत्तीसपैकी. पत्रिका जुळवावी तसंच. एखाद्या मोहिमेचे देव जुळले नाहीत तर गुण जातात, अंतरं जुळली नाहीत तर जातात, खलनायकाला नव्या जगात कामधंदा उरत नसेल तर मंगळच. सव्वीसच्या पुढं चौकोन क्वचितच जातो. वहिनींनी एकदा चहाचे कप ठेवताना स्क्रीनकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "आपल्या वेळेला साडेअठरा आले होते, तरी केलंत की." मास्तरनं तो मुद्दा विचारार्थ घेतला नाही.

मराठी माणसाला रूपांतराचं तसं नवल नाही. आगरकरांनी हॅम्लेटचं 'विकारविलसित' केलं ते १८८३ साली. देवलांनी ऑथेल्लोचा 'झुंझारराव' केला, शिरवाडकरांनी मॅक्बेथला 'राजमुकुट' घातला, पुलंनी शॉची फुलं विकणारी पोरगी आणून तिची मंजुळा केली. मास्तर ही नावं एका दमात घेतो आणि शेवटी जरा थांबतो, म्हणजे पुढचं नाव आपण ओळखावं. फरक एवढाच, की त्या सगळ्या मंडळींची नाटकं रंगमंचावर आली.

पण या नाटकांकडं त्यानं नीट पाहिलं असतं तर एक गोष्ट दिसली असती. 'ती फुलराणी' इथं रुजली, कारण बोलण्यावरून माणसाची पायरी ठरवणारा समाज आपल्याकडं आधीच तयार होता. पुलंना तो लंडनहून आणावा लागला नाही. मोहीम निवडतानाही हेच बघायचं असतं: हिचा जीव कशात आहे, आणि ज्या गावी नेतोय तिथं ती चीज आधीपासून आहे का? असेल तर बाकीची नावं आपोआप बदलतात. नसेल तर नुसती नावंच बदलतात. हे मास्तरला कळत नाही असं नाही. त्याला हे आमच्यापेक्षा जास्त कळतं, आणि तिथंच सगळं अडतं.

त्याचं लाडकं जग एबेरॉन. २००२ साली विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीनं नव्या जगासाठी स्पर्धा लावली, अकरा हजारांवर प्रवेशिका आल्या आणि त्यांतून कीथ बेकरची निवड झाली. पुस्तक २००४ मध्ये आलं. जग झकास आहे, यात वाद नाही. तिथं जादू ही कारखानदारी झालीय: विजेवर धावणाऱ्या गाड्या, उडती जहाजं, वर्तमानपत्रं. शतकभर चाललेलं युद्ध संपून दोनच वर्षं झालीत, आणि लढण्यासाठी घडवलेले वॉरफोर्ज्ड नावाचे जिवंत यंत्रमानव आता नोकऱ्या शोधत हिंडतायत. सायर नावाचं आख्खं राज्य एका दिवसात बेचिराख झालं आणि ते कुणी केलं हे कुणालाच ठाऊक नाही. देव आहेत की नाहीत, याचाही पक्का पुरावा नाही. मास्तर हे सगळं सांगायला लागला की ऐकत राहावंसं वाटतं, खरंच. सायरच्या निर्वासितांबद्दल बोलताना त्याचा आवाज बदलतो. अडचण अशी की ज्या जगाला इतकी ठाम मतं असतात, तिथं पाहुणी म्हणून आलेली मोहीम दोन दिवसांत सामान आवरायला लागते.

आता स्ट्राडचंच घ्या. 'कर्स ऑफ स्ट्राड' ही २०१६ ची मोहीम, मूळ ट्रेसी आणि लॉरा हिकमन या नवरा-बायकोनं १९८३ मध्ये लिहिलेल्या 'रेव्हनलॉफ्ट'वरून वाढवलेली. बरोव्हिया नावाचं धुक्यानं कोंडलेलं खोरं, वर कड्यावर किल्ला, किल्ल्यात स्ट्राड हा रक्तपिपासू सरदार. खोऱ्यातून बाहेर पडता येत नाही, आणि तो केव्हाही येऊन जेवायचं आमंत्रण देऊन जातो. एवढ्यावर आख्खी मोहीम चालते. मास्तरनं पहिल्यांदा तिला एबेरॉनमधल्या कार्नाथ राज्यात नेली, कारण थंडी, किल्ले, उदास माणसं, सगळं जुळत होतं. शीटवर चोवीस गुण. मग त्याच्याच लक्षात आलं, की कार्नाथनं युद्धात सांगाड्यांच्या पलटणी लढवल्या. तिथल्या लोकांनी चालती मढी लहानपणापासून पाहिलीत. आणि राजा कायस स्वतःच आतून रक्तपिपासू आहे. गुपित म्हणून, पण पुस्तक विकत घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत असलेलं गुपित. अशा मुलखात स्ट्राडला घाबरणार कोण? गावकरी म्हणतील, नवीन साहेब आलेत वाटतं.

मग दुसरा विचार. सायरच्या राखेभोवती मेल्या रंगाचं धुकं उभं आहे. बरोव्हियाला धुकंच हवं! खोरं त्या धुक्याच्या आत ठेवायचं. हे खरंच सुंदर होतं, आम्ही टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी त्याच रात्री पात्रंही लिहायला घेतली. पुढच्या शनिवारी मास्तर आला तो पडक्या चेहऱ्यानं. त्या धुक्याच्या आत जखमा भरत नाहीत आणि प्रेतं कुजत नाहीत, असं मूळ पुस्तकात लिहिलंय. जिथं प्रेत कुजत नाही तिथं शेतात काय उगवणार? मग बरोव्हियाची माणसं खातात काय?

"कशाला हवंय आपल्याला ते?" मी म्हटलं.

"मला हवंय," मास्तर म्हणाला.

इथं आमच्यातला निफाडकडचा गडी मधे पडला. त्याच्या घरी द्राक्षबाग आहे आणि या विषयावर त्याच्यापुढं कुणी बोलू शकत नाही. स्ट्राडच्या मोहिमेत एक वाइनरी आहे, सगळ्या खोऱ्याला तिथून दारू जाते, मोहिमेतला महत्त्वाचा धागा आहे तो. यानं विचारलं, "ऊन कुठाय पण? खोऱ्यात कायम ढग म्हणता. एप्रिलची खरड छाटणी झाली की काडीला ऊन लागतं, नाहीतर घड धरत नाही. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर असलं वातावरण राहिलं तर डावणी येऊन आठवड्यात बाग बसेल." मास्तरनं वही काढली. पुढचे दोन तास टेबलावर फवारणीचं वेळापत्रक चाललं होतं. स्ट्राडचं नाव एकदाही निघालं नाही. शेवटी असं ठरलं, की बाग जादूच्या रत्नांवर पिकते. तसं ते मोहिमेच्या पुस्तकात पहिल्यापासूनच लिहिलेलं आहे. पण मास्तरला उत्तर आयतं मिळालेलं चालत नाही, ते त्याला स्वतः फिरून तिथंच यावं लागतं. तोवर धान्याचा प्रश्न पुढं आला आणि स्ट्राड बारगळला.

एबेरॉनवर रुसला की तो आथासला जातो. आथास म्हणजे 'डार्क सन'चं जग, १९९१ चं: लालभडक सूर्य, वाळवंट, देव नाहीतच, धातू जवळजवळ नाही, पाण्यासाठी खून पडतात, आणि जादूगारानं मंत्र म्हटला की आजूबाजूचं गवत जळून जातं. या जगात त्यानं कुठली मोहीम न्यायची ठरवली असेल? 'राइम ऑफ द फ्रॉस्टमेडन'. २०२० ची. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखावर हिमदेवता कोपली आहे, दोन वर्षांहून जास्त काळ सूर्य म्हणून उगवलेला नाही, माणसं थंडीनं मरतायत, अशी गोष्ट.

"उलटं करायचं," मास्तर म्हणाला, आणि असं म्हणताना तो उभाच राहिला. "न संपणारा हिवाळा काढायचा आणि न संपणारा उन्हाळा घालायचा. गाभा तोच."

सगळे गप्प. मग आमच्यातली सीए म्हणाली, "पण मास्तर, आथासमध्ये न संपणारा उन्हाळाच आहे."

"हो."

"मग देवता कोपली हे लोकांना कळणार कसं?"

मास्तर बसला. देवताही तिथं नसतातच, हे तिनं पुढं सांगितलं नाही. ती मुळात दयाळू आहे.

आथासमध्येच मग 'गोस्ट्स ऑफ सॉल्टमार्श'चा प्रयोग झाला. प्रयोग म्हणजे कागदावरच. समुद्रकाठचं मासेमारीचं गाव, गावाबाहेर भुताटकीचा वाडा, आणि भुतं म्हणजे प्रत्यक्षात चोरटा माल आणणारे लोक, ही त्यातली जुनी, १९८१ पासूनची गोष्ट. आथासला समुद्र आहे, पण पाण्याचा नाही, धुळीसारख्या बारीक गाळाचा. उंच राक्षस त्यातून चालत जातात. मला ही कल्पना मनापासून आवडली होती, अजूनही आवडते. गाळाच्या समुद्रात रात्री दूरवर कंदील हलतोय आणि तो बोटीचा नाही, चालत येणाऱ्या राक्षसाच्या हातातला आहे, हे चित्र मास्तरनं उभं केलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मोडलं ते हिशेबात. लोखंड तिथं सोन्याच्या मोलाचं. चोरट्यांच्या कमरेला तलवारी आहेत. सीएनं कॅल्क्युलेटर काढून दाखवलं, की पहिल्याच मारामारीनंतर तिच्या पात्राच्या वाट्याला दोन तलवारी आल्या तर ते विकून आजन्म बसून खाऊ शकतं. तिच्या पात्राचं नाव बंड्या. जग कुठलंही असो, मोहीम कुठलीही असो, ती बुटक्या जमातीचा एक चोर घेते आणि त्याचं नाव बंड्या ठेवते. आथासमधले बुटके नरभक्षक असतात, हे मास्तरनं तिला बजावून सांगितलं. "चालेल," ती म्हणाली. "पण चतुर्थीला नाही."

बंड्यानं पान एकवरच निवृत्ती जाहीर केल्यामुळं सॉल्टमार्शही मिटलं.

गंमत म्हणजे सॉल्टमार्शच्या त्या पुस्तकातच, ही गोष्ट दुसऱ्या जगांत कुठं ठेवावी याच्या सूचना छापलेल्या आहेत. एबेरॉनसाठीही आहेत. कंपनीनंच दिलेल्या. मास्तरला त्या दाखवल्या, तेव्हा त्यानं आपल्याला कुणीतरी मार्गदर्शक काढून दिल्यासारखं तोंड केलं. शाळेत असताना मार्गदर्शक वापरणाऱ्या मुलांशी तो बोलत नसे म्हणे. वहिनींनी सांगितलं.

बाकीच्यांची वाट याच क्रमानं लागली. 'ड्रॅगन हाइस्ट' एबेरॉनमधल्या शार्न शहरात न्यायचं होतं. शार्न म्हणजे मैलभर उंचीचे मनोरे. मूळ मोहिमेत गल्लीबोळांतून पाठलाग आहेत. इथं चोराचा पाय घसरला की पाठलाग खालच्या दिशेनं होणार, आणि खाली पडायला लागणाऱ्या वेळेचं गणित मास्तरनं भौतिकशास्त्रानं सोडवायला घेतलं. 'टूम ऑफ अॅनिहिलेशन' ही २०१७ ची. तिच्यात मंत्रानं परत जिवंत केलेली माणसं जगभर झिजायला लागतात. एबेरॉनमध्ये परत जिवंत होणंच इतकं दुर्मीळ, की झिजायला माणसं हुडकावी लागली असती. तिच्यातलं जंगल मात्र झेन्ड्रिक खंडात फिट्ट बसत होतं. तो नकाशा अजून त्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे, वहिनींच्या साड्यांच्या मागं.

असं असूनही आम्ही त्याला सोडत का नाही, असं कुणी विचारतं. एक तर त्याचा फ्लॅट मोठा आहे. दुसरं म्हणजे, मोहीम मोडताना तो जे बोलतो ते ऐकण्यासारखं असतं. कुठलीही गोष्ट तिच्या मातीतून उपटली की कुठली मुळं तुटतात, हे त्याच्याइतकं चांगलं मला कुणी दाखवलेलं नाही. एखाद्या देवळाची जागा हलवली तर पुजारी कुणाच्या बाजूनं होता, त्याला पैसे कोण देत होतं, त्याच्या मुलीनं पळून जायची काय गरज होती, असा तो एकेक धागा हातात घेऊन ओढत नेतो आणि अर्ध्या तासात आपल्यासमोर गोष्टीचं आख्खं पोट उघडं पडलेलं असतं. ते परत शिवायचं कसं, हा प्रश्न त्याला पडत नाही. त्याच्या बँकेलाही बहुधा हीच काळजी असावी.

पण एकदा जमलं. 'रेड हँड ऑफ डूम' ही २००६ ची जुनी मोहीम, रिचर्ड बेकर आणि जेम्स जेकब्स यांची. नियमांच्या आधीच्या आवृत्तीतली, म्हणजे जगही बदलायचं आणि नियमही. मास्तरला दुहेरी पर्वणी. गोष्ट सोपी: हॉबगॉब्लिनांची प्रचंड फौज एका खोऱ्यावर चालून येतेय. फौजेचं दिवसागणिक वेळापत्रक ठरलेलं आहे. तुम्ही स्वस्थ बसलात तर गावं एकामागून एक पडतात. दरीवरचा पूल पाडलात तर काही दिवस हाती येतात. मित्र जमवलेत, छोट्या लढाया मारल्यात, तर गुण साठत जातात आणि शेवटच्या शहराच्या लढाईत त्यांचा निकाल लागतो. हिचा जीव खोऱ्यात नाही, देवात नाही, घड्याळात आहे. घड्याळ कुठल्याही जगात नेता येतं. मोहीम हलवायचीच असेल तर ही हलवावी, असं माझं पहिल्यापासून मत होतं. मी ते बोललो नव्हतो, कारण बोललो असतो तर ते आयतं झालं असतं.

आणि एबेरॉनमध्ये तिला जागाही तयार होती. दार्गून. युद्धात भाडोत्री सैनिक म्हणून आणलेले गॉब्लिन आणि हॉबगॉब्लिन, लढता लढता त्यांनीच मुलूख ताब्यात घेतला, स्वतःचं राज्य जाहीर केलं, आणि युद्ध संपवणाऱ्या थ्रोनहोल्डच्या तहात त्या राज्याला रीतसर मान्यताही मिळवली. म्हणजे चालून येणारी फौज आता नुसती राक्षसांची टोळी उरली नाही. शेजारच्या मान्यताप्राप्त देशातले ते बंडखोर झाले. छत्तीसपैकी एकतीस. मास्तरनं पार्श्वभूमीची टिपणं छापून, स्पायरल बाइंडिंग करून प्रत्येकाला दिली. थ्रोनहोल्डच्या तहावर त्यात स्वतंत्र प्रकरण होतं.

शनिवार उजाडला. खेळ सुरू झाला. रस्त्यावर झाडीतून हॉबगॉब्लिन बाहेर आले. मास्तरनं आवाज खोल केला. "तुमच्यासमोर आठ जण आहेत. लाल पंजाची खूण असलेल्या ढाली. काय करता?"

आता आमच्यातला पाचवा गडी सांगायचा राहिला. तो एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सेक्रेटरी आहे. मनानंही तो सेक्रेटरीच आहे. खेळात धर्मयोद्धा घेतो. त्यानं स्पायरल बाइंडिंगची वही उघडली, चष्मा वर केला आणि म्हणाला, "एक मिनिट. हे दार्गूनचे नागरिक आहेत ना?"

"आहेत," मास्तर म्हणाला. त्यानंच लिहिलं होतं.

"दार्गून तहात सामील आहे ना?"

"आहे."

"मग मी तलवार काढत नाही. मी विचारतो, की तुम्ही इथं शासनातर्फे आलायत की व्यक्तिशः?"

फासा टाकला. वीस आले. नियम म्हणजे नियम. हॉबगॉब्लिनांचा नाईक गोंधळला आणि म्हणाला, की साहेबांना विचारून सांगतो.

तिथून पुढं गाडी रुळावर आली नाही, असं मास्तर म्हणतो. आमच्या मते ती तिथूनच रुळावर आली. फौजेचा सेनापती बोलणीला बसला. पूल पाडायच्या ऐवजी पूल कुणाचा, देखभाल कुणी करायची, दोन्ही बाजूंच्या गाड्यांना टोल किती, यावर एक आख्खं सेशन गेलं. निफाडकरानं खोऱ्यातल्या पाणीवाटपाचा मुद्दा घेतला आणि पाटाच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचत नाही हे हॉबगॉब्लिनांना पटवून दिलं. त्यांच्यातले बरेचसे शेतकऱ्यांचीच पोरं निघाली. सीएनं लुटीच्या मालावर हिशेब मागितला. बंड्यानं सेनापतीची अंगठी चोरली, पण इतिवृत्तात त्याची नोंद झाली नाही. मास्तर सेनापतीच्या खोल आवाजात हरकती घेत होता आणि सेक्रेटरी त्या एकेक करून फेटाळत होता. मधेच मास्तर सेनापती म्हणून इतका चिडला, की त्यानं स्वतःच्याच टिपणांतल्या कलमाचा आधार घेतला, आणि ते कलम आमच्या बाजूचं निघालं. मी त्याला टेबलावर इतका जिवंत कधी पाहिला नव्हता. घाम आलेला, फासे हातात विसरलेले. रात्री उशिरा वहिनी येऊन म्हणाल्या, खालचे जोशीकाका विचारतायत, वरती भांडण चाललंय का. त्यांना सांगितलं, तह चाललाय.

शहराची शेवटची लढाई झालीच नाही. साठवलेल्या गुणांचं काही करायचं उरलं नाही. तीन पानी करार झाला, त्यावर सेनापतीनं पंजा उमटवला, आणि मोहीम तिसऱ्या प्रकरणाच्या अलीकडंच संपली.

सोमवारी सकाळी ग्रुपवर मास्तरचा मेसेज आला. लांबलचक. गाभ्यात दोष होता, घड्याळ बंद पडलं की मोहीम पडते, हे त्याच्या लक्षात आलंय. आता त्याच्या डोक्यात वेगळंच आहे. 'मास्क्स ऑफ नायरलाथोटेप', १९८४ ची, ती मुळात डंजन्स अँड ड्रॅगन्सचीसुद्धा नाही, 'कॉल ऑफ कथुलू' या दुसऱ्याच खेळाची. १९२५ साल, न्यूयॉर्क, लंडन, कैरो, केनिया, शांघाय. ती उचलून एबेरॉनमध्ये. न्यूयॉर्कच्या जागी शार्न, आगगाड्यांच्या जागी विजेच्या गाड्या, गाभा तोच. प्राथमिक गुण अठ्ठावीस. शीट जोडली आहे, प्रतिक्रिया कळवाव्यात.

दुपारपर्यंत कुणी काही लिहिलं नाही. मग सेक्रेटरीचं उत्तर आलं: मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम झाल्याशिवाय नवीन विषय चर्चेला घेता येणार नाही.